बायकांची जागा

“हद्द कुठंय हिची?” अण्णांनी विचारलं.

आम्ही तिघं पायवाटेच्या तोंडाशी उभे होतो. समोर लाल माती, तिच्यात काटेरी गवताचे गोल गोल झुबके, आणि त्यापलीकडे तो खडक. जगभरचे लोक ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात तो हा नव्हे. हा त्याचा धाकटा चुलतभाऊ म्हणा. ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर, आम्ही राहायचो त्या गावापासून गाडीनं तास-दीड तासावर, वाळवंटात एकटाच बसलेला. तिथल्या आदिवासींचं ते फार जुनं पवित्र ठिकाण. वर चढायचं नाही, खडा उचलायचा नाही, पाण्याची बाटली घेऊन भोवतीनं चालायचं आणि गाडीत बसून घरी जायचं, एवढंच पाहुण्यांचं काम.

“हद्द नाही अण्णा, सगळं मोकळंच आहे,” मी म्हणालो.

“असं कसं? जमीन म्हटली की हद्द असणारच की.”

अण्णा म्हणजे माझे सासरे, अण्णासाहेब मगदूम, मुक्काम तासगाव, जिल्हा सांगली. सगळी नोकरी भूमापन खात्यात गेलेली. लोकांच्या भांडणातली शेतं मोजता मोजता केस पांढरे झाले, त्यामुळे कुठलीही जमीन दिसली की ते तिचं नाव विचारायच्या आधी हद्द विचारत. त्या दिवशी त्यांनी गांधी टोपीवरून माश्यांसाठीची हिरवी जाळी खांद्यापर्यंत सोडली होती. तिथल्या माश्या माणसाच्या डोळ्यांत घर बांधायला येतात.

“अण्णा, मुंडावळ्या बांधल्यासारखे दिसताय,” माझी बायको शर्वरी म्हणाली.

“मग वरात काढा की. जावईबापू, व्हा पुढं.”

जावईबापू पुढे झाले. ह्याला आता बारा-तेरा वर्षं झाली, पण ती सकाळ मला अजून आठवते. कारण चालायला म्हणून आम्ही आलोच नव्हतो. मला अण्णांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ही फेरी संपायच्या आत सांगायची होती. तसा शर्वरीचा हुकूम होता.

शर्वरीला सहावा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्या रीतीला धरून अण्णा तिला न्यायला आले होते. जन्मात पहिल्यांदा विमानात बसून, एकटे, पिशवीत शेंगदाण्याची चटणी घेऊन. चटणी विमानतळावरच्या लोकांनी काढून घेतली, पण खिशातली दोघांची परतीची तिकिटं शाबूत होती. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. तरी लेकीचं माहेरपण चुकवायचं नाही, असा अण्णांचा हट्ट होता.

शर्वरीला जायचं नव्हतं.

“मग तू सांग ना त्यांना,” मी म्हणालो होतो.

“मी सांगायला गेले की मी रडणार. मग अण्णा रडणार. मग मी कबूल करून बसणार. तू जावई आहेस. जावयाला ते काही बोलू शकत नाहीत.”

“कारण काय सांगू?”

“हॉस्पिटल. इथलं हॉस्पिटल चांगलं आहे म्हणावं.”

खरी अडचण वेगळीच होती. मला नाही म्हणता येत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, माझ्याकडे ती सख्खी बहीण म्हणून नांदते. अण्णा आले त्या संध्याकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि अदबीनं विचारलं, “नेतो हं लेकीला?” मी म्हणालो, “हो हो, अवश्य!” शर्वरी स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. त्यानंतर पूर्ण एक दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती.

तर आता ते ‘अवश्य’ मला परत घ्यायचं होतं. मी सुरुवात केली.

“अण्णा, इथली हॉस्पिटलं मात्र फार चांगली आहेत हं.”

“असतील की. उंटांची का माणसांची?” अण्णा म्हणाले. वाळवंटात मोकाट उंट फिरतात हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि आल्यापासून ते एका उंटाच्या शोधात होते.

मागून शर्वरी खोकली. मी दुसऱ्या बाजूनं शिरायचं ठरवलं.

“प्रवास मात्र लांबचा. तिला अवघडल्यासारखं होईल.”

“म्हणून तर मी आलोय न्यायला. माझी सीटबी तिलाच. पाय वर घेऊन बसंल. मी काय, उभा राहीन दाराला.”

“विमानात उभं राहू देत नाहीत अण्णा.”

“एसटीतबी देत नाहीत. राहतोच की आपण.”

शर्वरी पुन्हा खोकली. ह्या वेळी जरा जोरात.

“हिला कफ झालाय,” अण्णा काळजीनं म्हणाले. “हितली हवाच कोरडी. घरी गेली की शेवंताबाई तेलात ओवा टाकून चोळंल छातीला. सांगून ठेवलंय मी तिला. अंघोळीला पण तीच येणार, सव्वा महिना.”

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. माणूस रागावला तर त्याच्याशी भांडता येतं. हे गृहस्थ आनंदात होते. खडकाच्या कुशीतून वाट वळत होती, सकाळचं ऊन लाल दगडावर पडून सगळं तांबूस दिसत होतं, आणि अण्णा मधूनच थांबून एक डोळा मिटून अंगठा पुढे धरत खडकाची लांबी अजमावत होते. मला त्यांचा फार लोभ वाटला आणि त्याच वेळी कुठंतरी पळून जावंसंही वाटलं.

वळणापलीकडे एका झाडाखाली घडीच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. उद्यानाच्या रखवालदारांचा खाकी शर्ट, रुंद टोपी, हातात थर्मासच्या झाकणातला चहा. पन्नाशीच्या असतील. त्या खडकाची राखण करणाऱ्या लोकांपैकीच त्या एक होत्या, नाव रोझलीन. शेजारी पाटी होती. इथून पुढच्या वळणापर्यंत बायकांची जागा आहे, फोटो काढू नयेत, पुरुषांनी कृपा करून खडकाकडे न बघता पुढे जावं.

मी अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी जाळी वर केली. खात्यात कमावलेलं इंग्रजी बाहेर काढून ते बाईंना म्हणाले, “मॅडम, व्हेअर इज बाउंड्री?”

“तुम्ही तिच्यावरच उभे आहात,” रोझलीन म्हणाल्या.

अण्णांनी झटकन पाय उचलला आणि खाली बघितलं. खाली काहीच नव्हतं. मग मात्र त्यांना इंग्रजी पुरेना, मी दुभाष्या झालो.

“विचारा त्यांना, तार नाही, खुणेचा दगड नाही. नुसती पाटी लावली तर लोक बघायचं थांबतात होय?”

“बरेच जण थांबतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे थांबत नाहीत का?”

“आमच्याकडं तार मारली तर तार नेतात. बांधाचा दगड रातोरात चालत शेजारच्या रानात जातो.”

मी हे सांगितल्यावर बाई इतक्या हसल्या की चहा शर्टावर सांडला. अण्णांना चेव आला.

“आत काय हाय, ते तरी विचारा.”

“ते सांगायचं असतं तर पाटी कशाला लावली असती?” रोझलीन म्हणाल्या. मग अण्णांकडे नीट बघत त्यांनी विचारलं, “तुमच्या घरात बायका एकत्र बसून बोलत असल्या, तर तुम्ही मध्ये जाता?”

“छ्या! बाहेर सोप्यात जाऊन बसतो की. कुणीतरी चहा आणून देईपर्यंत.”

“मग पुढे सावलीला बाक आहे, तिथं बसा. चहा मात्र कुणी आणणार नाही.”

शर्वरी इतका वेळ कमरेवर हात ठेवून उभी होती. रोझलीननं तिच्या पोटाकडे पाहिलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. “तू दमलीस. थांब हवं तर थोडा वेळ माझ्याशी बोलत. हे दोघे जातील पुढे.”

“जा तुम्ही,” शर्वरी आम्हाला म्हणाली, आणि मला एकट्यालाच समजेल असं बघितलं. म्हणजे आता तरी सांग.

आम्ही निघालो. खडक डाव्या हाताला होता, म्हणून मान उजवीकडे वळवून. अण्णांनी तर घोड्याला झापड लावतात तसा डावा हात डोळ्याशी धरला. आयुष्यभर ज्या माणसानं मोजणीपुढं कुठल्याच कुंपणाला जुमानलं नव्हतं, तो आता एवढ्या इमानानं चालत होता की मला हसू आवरेना.

“हसू नका,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “नजर गेली चुकून तर काय घ्या! आणि मान वळायला लागलीय हो. बघू नको म्हटलं की जास्तच वळती.”

“समोर बघा अण्णा.”

“समोर बघितलं तर कोपऱ्यातनं दिसतंय.”

एवढं बोलून ते सरळ काटेरी गवतात शिरले. ते गवत दिसायला मऊ आणि टोचायला सुई. अण्णांनी एक सणसणीत तासगावी शिवी घातली, मग जागा पवित्र आहे हे आठवून लगेच दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

बाकावर पोचल्यावर त्यांनी विजारीचा पाय वर केला. पोटरीभर बारीक कुसळं. मी खाली वाळूत बसलो आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

“अहो, हे काय! जावयानं पायाला हात लावायचा?”

“लग्नात माझे तुम्ही धुतलेत की. बसा गप.”

कुसळं काढताना एक सोय झाली. मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. एक कुसळ काढलं, दुसरं काढलं, आणि पोटरीकडे बघत मी एका दमात बोलून टाकलं.

“अण्णा, शर्वरीला यायचं नाही. बाळंतपण इथंच करायचं म्हणते. हॉस्पिटल चांगलं आहे, डॉक्टर तिच्या ओळखीची आहे. मी त्या दिवशी हो म्हणालो ते चुकून. रागावू नका.”

अण्णांचा पाय तसाच राहिला. मी आणखी दोन कुसळं काढली, त्यातलं एक बहुधा तीळ होता.

“ती म्हणती का तुम्ही म्हणताय?” शेवटी त्यांनी विचारलं.

“ती म्हणते.”

“तिची आई असती, तर म्हणाली असती का असं?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

“नसती म्हणाली. धावत आली असती. मी बाप पडलो. बापाच्या घरी कशाला येईल ती? बापाला काय येतंय?” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “खोली पांढरी करून घेतलीया. तिच्या आईची. पलंगाला नवी नवार घातली. गल्लीत सगळ्यांना सांगून आलोय, लेकीला आणायला चाललोय म्हणून. असू दे. सांगीन काहीतरी.”

ते गल्लीत काय सांगतील ते माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. एकटेच रिक्षातून उतरतायत, हातात तीच पिशवी. मला ते बघवेना. आणि मग मी, म्हणजे ज्याला एवढं पढवून पाठवलं होतं तो मी, तोंड वर करून म्हणालो, “अण्णा, तुम्ही घेऊन जा तिला. मी समजावतो.”

“खरंच?”

“अवश्य.”

अण्णांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आगीतून फुफाट्यात जाताना माणसाला क्षणभर गार वाटत असावं, तसं मला वाटलं.

बऱ्याच वेळानं शर्वरी आली. हळूहळू चालत, एक हात कमरेवर. डोळे लाल झालेले, पण चेहरा मोकळा. मी उठून तिला बाकावर अण्णांशेजारी जागा करून दिली.

“काय बोललात गं एवढं?” अण्णांनी विचारलं.

“बायकांचं होतं.”

“बरं, बरं. आमचंबी झालं बोलून. ठरलं सगळं.”

“काय ठरलं?”

“रविवारी निघायचं. जावईबापूंची परवानगी हाय.”

शर्वरीनं माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेनं तिला मी आजवर एकदाच बघताना पाहिलं होतं, दुधाच्या पातेल्यात झुरळ निघालं तेव्हा.

“बाळंतपण कुणाचं आहे हे?” ती म्हणाली.

अण्णांनी विजारीचा पाय खाली ओढला.

“त्या बाईला माझं नावसुद्धा धड घेता येत नाही. पण तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर तुला कुठं बाळंत व्हावंसं वाटतंय. तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारलंत. परवानग्या दिल्यात. मला विचारलंत का?”

“मग आता विचारतो की,” अण्णा चाचरत म्हणाले. “बोल. हॉस्पिटलचं म्हणत होते हे.”

“हॉस्पिटलचं काही नाही अण्णा. ते निमित्त आहे.” तिनं त्यांचा हात हातात घेतला. “आईच्या खोलीत मला सव्वा महिना नाही राहता येणार. तिचं कपाट तिथं, तिच्या बांगड्या खुंटीला. बाहेर जरा भांडं वाजलं की मला वाटणार, आई आली. आणि प्रत्येक वेळी ती आलेली नसणार. मला त्या घराची भीती वाटते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

हे मलाही माहीत नव्हतं. एका छपराखाली राहून, रोज तिच्याशेजारी झोपून, मी आपला हॉस्पिटलचे गोडवे गात हिंडत होतो.

अण्णांनी डोक्यावरची जाळी काढली, टोपी काढली, आणि दोन्ही मांडीवर ठेवून त्यांच्या घड्या घालत बसले. जाळीची घडी होत नव्हती.

“चुना उगंच नाही मारला गं खोलीला,” ते म्हणाले. “म्हटलं, वास तरी जाईल तिचा. जाईना.”

शर्वरीनं जाळीचं दुसरं टोक धरलं.

“रेडिओ लावून निजतो मी. कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. कार्यक्रम संपला की जाग येती. मग सकाळ होईपर्यंत बसून राहतो.” त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. “मलाबी भीती वाटती त्या घराची. दीड वर्ष झालं निजतोय तिथं. म्हटलं, तू आलीस, लहान पोर रडलं रात्रीचं, तर तेवढंच...”

लेकीला न्यायला आलेला बाप मी इतके दिवस बघत होतो. हा माणूस मला दिसलाच नव्हता.

“मग कशाला निजता तिथं?” शर्वरीनं विचारलं.

अण्णांनी सगळ्या तालुक्याचे वाद मिटवले होते. पण हे त्यांना कुणी विचारलेलं नसावं.

“माझं तिकीट रद्द करायचंच आहे, तुमचंही करू,” ती म्हणाली. “इथं करा माझं बाळंतपण.”

“मी? गडी माणूस?”

“मग तिकडे कोण करणार होतं?”

“शेवंताबाई येणार होती की अंघोळीला.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं मीच,” अण्णा ओशाळून म्हणाले. “लाडू शिकलोय तुझ्या मावशीकडनं. अळिवाचे. पहिले दगडासारखे झाले, कुत्र्यानं हुंगून सोडले. मग जमले. मावशी म्हणाली, अगदी अक्कासारखे झालेत.”

अक्का म्हणजे शर्वरीची आई. ते नाव निघालं आणि बाप-लेक दोघंही एकदमच रडायला लागले. शर्वरीनं मला आधी सांगितलंच होतं की असं होईल. फक्त रडून झाल्यावर कबूल कोण होणार, ह्याचा अंदाज तिचा चुकला होता.

कारण थोड्या वेळानं अण्णांनी टोपीनं तोंड पुसलं, ती झटकून डोक्यावर नीट बसवली आणि कचेरीतला प्रश्न विचारावा तसं मला विचारलं, “जावईबापू, अळीव मिळतात का हो हितं?”

“मिळतात,” मी लगेच म्हणालो.

अळीव म्हणजे नेमकं काय असतं, हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं.